भाजीपाला, विषमुक्त (लहान शेतावरील)

रासायनिक खते, कीटकनाशके व तणनाशके न वापरता पिकवलेला भाजीपाला. महाराष्ट्रात ही लागवड बहुधा काही गुंठ्यांपासून एकरभर (40 गुंठे) रानात घरच्या माणसांच्या बळावर होते. रान लहान असल्याने रोज प्रत्येक वाफ्यावरून नजर फिरते व कीड वेळीच सापडते. या पद्धतीची ही मोठी जमेची बाजू आहे.

पूर्वपीठिका : सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूर येथे कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ विकसित केली (1924–31). कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकर यांनी प्रयोग परिवारातून दहा गुंठ्यांत कुटुंबाची गरज भागवण्याचा विचार मांडला.

खत : जमिनीचा कस हा या शेतीचा पाया. पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांची नाडेप पद्धत कमी शेणात जास्त खत देते, म्हणून एक-दोन जनावरे असलेल्या शेतकऱ्याला ती विशेष उपयोगी आहे. 10×6×3 फुटांचे विटांचे टाके बांधून भिंतींत हवेसाठी भोके ठेवतात. आतून शेणकाल्याने भिजवून पालापाचोळ्याचा सहा इंचांचा थर, त्यावर शेणकाला व चाळलेली कोरडी माती, असे थर रचतात. टाके काठाच्या दीड फूट वर भरून शेणमातीने लिंपतात. पंधरा-वीस दिवसांत ढीग खाली बसला की पुन्हा भरून लिंपतात. भेगा पडल्या तर त्या लगेच बुजवाव्या लागतात, ओल टिकवावी लागते. साधारण तीन-चार महिन्यांत खत तयार होते. एका टाक्याला सुमारे 100 किलो शेण पुरते.

लागवड : मेथी, पालक, कोथिंबीर महिना-दीड महिन्यात निघतात. वांगी, टोमॅटो, मिरची यांची रोपे गादीवाफ्यावर करतात. दोडका, कारली मांडवावर चढवतात. फेरपालटात गवार, वाल, चवळी यांसारखी शेंगवर्गीय पिके हवीतच. त्यांच्या मुळांवरील गाठींतून नत्र स्थिर होते.

कीड-रोग : पाच टक्के निंबोळी अर्कासाठी 5 किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवून गाळतात व द्रावण 100 लिटर करतात. यातील ॲझाडिरॅक्टिनमुळे किडीचे खाणे मंदावते व कात टाकण्यात अडथळा येतो. उन्हात ते लवकर निष्प्रभ होते, म्हणून फवारणी संध्याकाळी करावी. कोबीत मोहरी व टोमॅटोत झेंडू ही सापळा पिके लावतात. भेंडीवरील हळद्या पांढऱ्या माशीमुळे पसरतो. रोगट झाडे उपटून नष्ट करणे आवश्यक.

बियाणे : देशी वाणांचे बी घरी राखता येते. या कामासाठी कोंभाळणे (ता. अकोले) येथील राहीबाई पोपेरे यांना पद्मश्री (2020) मिळाली.

उत्पादन : सुरुवातीच्या हंगामांत घट येते, असा सर्वसाधारण अनुभव आहे. पुढे ते रासायनिक शेतीच्या बरोबरीला येते का, याबाबत मतभेद आहेत.

प्रमाणीकरण : पीजीएस-इंडिया योजनेत शेतकऱ्यांचे स्थानिक गट परस्परांच्या शेतांची तपासणी करतात.

विक्री : मुख्यतः थेट ग्राहकाला.