ख्वाजा युनूस प्रकरण : मय्यत नाही, मग पुरावा कसा तोलायचा?

पारनेर आपल्याच जिल्ह्यातला तालुका. तरी इथे बेलापुरात शाळेतल्या मोठ्या मुलांना ख्वाजा युनूस हे नाव विचारलं, तर बहुतेक जण नाही म्हणून मान हलवतात. म्हणून ही माहिती.

प्रकरण काय?

२ डिसेंबर २००२ रोजी मुंबईत घाटकोपरला बसमध्ये स्फोट झाला. त्या तपासात परभणीचा २७ वर्षांचा इंजिनिअर ख्वाजा युनूस याला २५ डिसेंबरला पोटा कायद्याखाली अटक झाली. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितलं की, त्याला औरंगाबादला नेताना पारनेरजवळ गाडीला अपघात झाला आणि तो पळाला. त्यानंतर तो कुणाला दिसला नाही. मय्यतही मिळाली नाही. स्फोटाच्या खटल्यातले आरोपी २००५ मध्ये निर्दोष सुटले.

पुरावे एकेक करून पाहू

१) पोलिसांचं म्हणणं : कोठडीतला माणूस ज्यांच्या ताब्यात होता, त्यांचंच हे सांगणं आहे. ते खोटंच असं आधी धरायचं नाही, पण नुसतं तेवढं पुरेसंही नाही. गाडीची अवस्था, सोबतच्यांच्या जखमा, स्टेशन डायरीतल्या वेळा यांच्याशी ते जुळलं पाहिजे. सीआयडीने तपास केला आणि पळून गेल्याची गोष्ट रचलेली असल्याचा निष्कर्ष काढला.

२) सोबतच्या कैद्याची साक्ष : त्याच प्रकरणात अटक झालेल्या एका डॉक्टरने २०१८ मध्ये कोर्टात गवाही दिली. ६ जानेवारी २००३ ला युनूसला मारहाण होताना आणि रक्ताची उलटी करताना पाहिलं, असं त्याने सांगितलं. ही डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट, म्हणून वजनदार. पण साक्षीदार स्वतः त्या कोठडीतला आणि मध्ये १५ वर्षं गेलेली, म्हणून उलटतपासणी महत्त्वाची. शिवाय ही साक्ष मारहाणीची आहे. मृत्यू कसा झाला हे दुसऱ्या पुराव्यांशी जोडूनच ठरतं.

३) इतक्या वर्षांची शांतता : सात वर्षं माणसाची काहीच खबर नसेल, तर कायदा तो मयत मानतो. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम १०८, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १११. मात्र त्यातून मृत्यूची तारीख किंवा कारण सिद्ध होत नाही.

मय्यत नसेल तर खटला पडतो का?

नाही. १९८१ च्या रामानंद विरुद्ध हिमाचल प्रदेश या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, मृतदेह मिळालाच पाहिजे अशी अट नाही. पण इतर पुरावा तितका भक्कम हवा. १९९३ चा नीलाबती बेहेरा खटलाही पाहा. तिथेही पोलीस म्हणाले की मुलगा कोठडीतून पळाला. त्याचा मृतदेह रेल्वे रुळावर सापडला होता. अंगावरच्या जखमांवरून कोर्टाने ते म्हणणं नाकारलं आणि आईला दीड लाख रुपये भरपाई दिली. युनूसच्या प्रकरणात बोलायला जखमासुद्धा नाहीत. हाच मोठा फरक.

कोर्टात काय झालं?

चौकशीत १४ पोलिसांवर ठपका आला. सरकारने खटल्याला मंजुरी फक्त चौघांविरुद्ध दिली. २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने भरपाई २० लाखांपर्यंत वाढवली. इथे एक गोष्ट मुलांना नीट समजावा : भरपाई म्हणजे राज्याची जबाबदारी, ती कुणाची शिक्षा नव्हे. आरोपपत्र म्हणजेही गुन्हा सिद्ध नव्हे.

घरच्यांसाठी

अटक झाली तर अटकेचा पंचनामा आणि त्यावरची तारीख-वेळ मागा, डी. के. बसू निकालाने तो बंधनकारक केलाय. प्रत्येक अर्जाची पोच घ्या, झेरॉक्स जपून ठेवा. कोठडीतून माणूस बेपत्ता झाला तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडून चौकशी होण्याची तरतूद २००६ पासून लागू आहे. ती लेखी मागा. ऐकीव गोष्ट व्हॉट्सॲपवर पुढे ढकलू नका. कुणी पाहिलं, कधी, कुठून, हे आधी विचारा.

युनूसच्या आईने वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. फातिहा पढायला तिच्याकडे मुलाची कबरसुद्धा नाही. अशा आईला अफवेचा काही उपयोग नसतो. तिला तपासून घेतलेला, कोर्टात टिकणारा सबूत लागतो.