‘पोचिंग’ : एका शब्दाची पारध

वृत्तपत्रे चाळताना ‘पोचिंग’ हा इंग्रजी शब्द आपल्या दृष्टीस वरचेवर पडतो. वाघाचे कातडे पकडले गेले की ते पोचिंग. एका कंपनीने दुसरीची हुशार माणसे जादा पगार देऊन ओढली की तेही पोचिंग. टेनिसच्या दुहेरी सामन्यात जोडीदाराच्या वाट्याचा चेंडू जाळीजवळच्या खेळाडूने आडवे धावून टोलविला, तरी शब्द तोच. आणि फोडलेले अंडे गरम पाण्यात अलगद सोडून शिजविले, तर तेही ‘पोच’ केलेले अंडे! मराठीत आपण पहिल्याला चोरटी शिकार म्हणतो, दुसऱ्याला माणसे फोडणे. इंग्रजाने मात्र हे सारे एकाच पोतडीत भरले.

पोतडी हा शब्द आम्ही सहज वापरलेला नाही. ‘पोश’ म्हणजे पिशवी या जुन्या फ्रेंच शब्दाशी कोशकार याचे नाते जोडतात. गरम पाण्यात अंड्याचा पांढरा भाग बलकाभोवती पिशवीसारखा गोळा होतो, म्हणून ते अंडे ‘पोच’ झाले. खुपसणे, घुसणे असा अर्थ असलेले फ्रेंच क्रियापदही याच कुळातले मानतात. गुरांच्या खुरांनी तुडवून चिखल झालेल्या जमिनीलाही इंग्रज शेतकरी हेच क्रियापद लावतो. परक्याच्या हद्दीत घुसणे आणि मिळेल ते पिशवीत घालणे, या दोन्ही कल्पना शिकारचोराला चपखल बसल्या.

पण हद्द परक्याची कधी झाली? या प्रश्नापाशीच शब्दाचा खरा इतिहास सुरू होतो. 1066 साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि विस्तीर्ण प्रदेश शिकारीसाठी राखून ठेवले. ‘फॉरेस्ट’ या शब्दाचा कायद्यातील अर्थ तेव्हा केवळ झाडी असा नव्हता. राजाच्या हरणांसाठी राखलेला मुलूख असा होता. त्यात गावे होती, शेते होती. हरणाने शेत खाल्ले तरी शेतकऱ्याने त्याला मारायचे नाही. त्याच्या कुत्र्याने हरणामागे धावू नये म्हणून कुत्र्याच्या पुढच्या पायाच्या नख्या छाटल्या जात. हरीण मारणाऱ्याचे डोळे काढावेत, असा विल्यमचा नियम असल्याची नोंद त्या काळच्या बखरीत आहे.

या कठोरपणाला पहिला मोठा आवर 6 नोव्हेंबर 1217 रोजी ‘वनांच्या सनदे’ने घातला. राजा तिसरा हेन्री तेव्हा अवघा दहा वर्षांचा होता आणि त्याची स्वतःची राजमुद्रा अद्याप नव्हती. म्हणून सनदेवर दोन मुद्रा उमटल्या. एक राज्याचा पालक विल्यम मार्शल याची आणि दुसरी पोपमहोदयांचे प्रतिनिधी कार्डिनल ग्वाला यांची. हरणापायी यापुढे कोणी प्राण वा अवयव गमावू नये. दंड भरावा, तो न जमल्यास एक वर्ष आणि एक दिवस तुरुंगवास भोगावा, असे त्या सनदेने ठरविले.

तिच्यातले आणखी एक कलम मोठे बोलके आहे. वनातून जाणाऱ्या बिशपाला वा उमरावाला एखाद-दुसरे जनावर मारण्याची मुभा होती. वनरक्षक जवळ नसेल तर मात्र त्याने शिंग फुंकावे, म्हणजे ती चोरी वाटणार नाही! कृत्य एकच, शिंग फुंकण्याचा मान असलेला शिकारी ठरे आणि मुकाट्याने फास लावणारा चोर ठरे. दोनच वर्षांपूर्वी, 1215 च्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने सर्व धर्मगुरूंना शिकारीची बंदी केली होती, हेही येथे नमूद केले पाहिजे.

1390 च्या सुमारास आणखी एक कायदा झाला. वर्षाला चाळीस शिलिंगांपेक्षा कमी उत्पन्नाची जमीन असलेल्या सामान्य माणसाने आणि दहा पौंडांपेक्षा कमी प्राप्ती असलेल्या धर्मगुरूने शिकारी कुत्रे बाळगू नयेत. कारण काय, तर सणावारी चांगले ख्रिस्ती लोक मंदिरात उपासनेला असताना हे लोक शिकारीला जातात! 1671 मध्ये ही अट सामान्यतः शंभर पौंडांच्या जमिनीवर गेली. 1723 च्या ‘काळ्या कायद्या’ने तोंडाला काळे फासून हरणे मारणाऱ्यांस फाशी ठेवली. 1828 च्या कायद्याने रात्रीच्या शिकारचोरीच्या तिसऱ्या गुन्ह्याला सात वर्षांपर्यंत काळे पाणी ठेवले. जमिनीची ती अट सुटली 1831 साली.

आपल्याकडेही असेच घडले. पारध करणारा तो पारधी. शब्दात कोठेही चोरी नाही. फासेपारधी फासे लावून तित्तिर, लावे, हरणे धरीत आणि त्यावर पोट भरीत. 1871 साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे त्याची व्याप्ती वाढत गेली आणि पारधीही त्यात सापडले. राजेरजवाड्यांनी व साहेबांनी मारलेल्या वाघांची छायाचित्रे मात्र दिवाणखान्यात लागली. कायदा 1952 मध्ये रद्द झाला, पण शिक्का पुसला गेला नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तर शिकारीचा पिढीजात धंदाच बेकायदा ठरला.

हा कायदा नको होता असे आम्ही म्हणत नाही. 2005 मध्ये राजस्थानातील सारिस्का अभयारण्यात एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले. हस्तिदंताच्या लोभापायी आफ्रिकेतील हत्ती इतके मारले गेले की 1989 मध्ये जगातील राष्ट्रांना हस्तिदंताचा आंतरराष्ट्रीय व्यापार थांबविण्याचा निर्णय घ्यावा लागला. सृष्टी ही परमेश्वराची आहे. तिची लूट पापच आहे. पण फास लावणाऱ्याच्या हाती थोडे पडते आणि कातडे विकणारा व्यापारी गबर होतो. पहिल्याला चोर म्हणताना दुसऱ्याला विसरणे हा न्याय नव्हे. अत्यंत निकडीच्या वेळी जगण्यापुरते घेणे ही खऱ्या अर्थाने चोरी नव्हे, असे संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच लिहून ठेवले आहे.

उरला माणसे फोडण्याचा अर्थ. महामारीनंतर मजूर दुर्मीळ झाले, तेव्हा 1349 च्या फर्मानाने इंग्लंडमध्ये धन्याला सोडून जाणारा मजूर आणि त्याला ठेवून घेणारा नवा धनी, दोघांनाही दोषी ठरविले. आज गरीब देशांतील परिचारिका श्रीमंत देशांत नेल्या जातात, त्यालाही पोचिंग म्हणतात. ओस पडणाऱ्या रुग्णालयांची चिंता खरीच आहे; म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने 2010 मध्ये अशा भरतीसाठी आचारसंहिता केली. पण हरीण राजाचे असेल, परिचारिका कोणाचीही नसते. आपल्या घरातली लेक परदेशी जाते ती स्वतःच्या पायांनी, कुटुंबाच्या ओढीने. तिला कोणी पिशवीत घालून नेत नाही.

तेव्हा ‘पोचिंग’ हा शब्द पुन्हा वाचनात आला की वाचकांनी दोन प्रश्न विचारावेत. कुंपण कोणी घातले? आणि त्याच्या बाहेर उपाशी कोण राहिले? आपल्या धर्मग्रामाच्या वेशीवर पारध्यांचे पाल पडले असेल, तर चौकीला निरोप धाडण्याआधी त्यांची मुले शाळेत जातात की नाही, एवढे तरी आपण जाऊन पाहावे.