घरगुती फ्यूजन: न्यूट्रॉन खरंच निघाला का?
ड्यूटेरियमची दोन अणुकेंद्रकं एकत्र आली, की साधारण निम्म्या वेळा न्यूट्रॉन बाहेर पडतो. हौशी प्रयोगात फ्यूजनचा पुरावा म्हणजे हा न्यूट्रॉन, जांभळा प्रकाश नव्हे.

न्यूट्रॉनवर विद्युतभार नसतो, म्हणून तो थेट मोजता येत नाही. पॅराफिनमधून जाताना तो मंदावतो, मग हेलियम-३ वायूची नळी त्याची नोंद करते. पण उच्च दाबाच्या विजेच्या ठिणग्यांनीही खोट्या नोंदी होतात.

१९८९ मध्ये अमेरिकेतल्या 'कोल्ड फ्यूजन'च्या दाव्यानंतर मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानेही न्यूट्रॉन मिळाल्याचं नोंदवलं. मात्र इतरांना असे निकाल खात्रीने मिळाले नाहीत.

नाशिकचं गॅरेज असो वा ट्रॉम्बेची प्रयोगशाळा, कसोटी एकच: ड्यूटेरियमऐवजी साधा हायड्रोजन वापरा. आकडा तेवढाच आला, तर ते फ्यूजन नाही.