मुका मार

मराठी भाषेंत 'मुका मार' असा एक शब्द आहे. ज्या मारानें रक्त निघत नाहीं, कातडी फाटत नाहीं, पण आंत कांहीं तरी बिघडतें, तो मुका मार. हा शब्द ज्यानें प्रथम योजिला त्याचें निरीक्षण मोठें सूक्ष्म असलें पाहिजे. पाठीला किंवा बरगडीला मुका मार लागला म्हणजे घरांतील वडील माणसें हळदीचा लेप घालतात आणि दोन दिवस निजवून ठेवतात. तोच मार डोक्याला लागला, कीं मात्र सगळ्यांचें लक्ष टेंगळाकडे जातें. टेंगूळ आलें म्हणजे 'बाहेर आलें, आतां भीति नाहीं' असें म्हणून लोक कामाला लागतात. हा समज किती घातक आहे आणि तो दूर होण्यास किती काळ लागला, याचा थोडा इतिहास वाचकांपुढें मांडावा असें आम्हीं योजिलें आहे.

आमच्या प्राचीन वैद्यांना ही गोष्ट अगदींच अज्ञात नव्हती. सुश्रुतसंहितेंत शरीरांतील १०७ मर्में सांगितलीं असून त्यांपैकीं १९ 'सद्यःप्राणहर' होत. कानशिलांवरील दोन 'शंख' मर्में याच वर्गांत येतात. आधुनिक शारीरशास्त्र सांगतें कीं, कानशिलाचें हाड पातळ असून त्याच्या आंतल्या बाजूनें एक धमनी जाते. हाड तडकून ती फुटली म्हणजे कवटी आणि मेंदूचें आवरण यांच्यामध्यें रक्त सांचूं लागतें. आम्हांला याहून विशेष वाटतें तें हें कीं, 'सद्यः' म्हणतांनाही सुश्रुत सात रात्रींची मुदत देतो. सर्व शोध आमच्या पूर्वजांनींच लाविले, असा टेंभा मिरविण्याची आमची इच्छा नाहीं. कवटीच्या आंत काय चालतें तें त्या काळीं कोणालाच दिसत नव्हतें. परंतु मार आणि मरण यांच्यामध्यें कांहीं वेळ जातो, आणि त्या वेळांत माणूस बोलतो-चालतो, एवढें तरी त्यांनीं पाहून ठेविलें होतें.

आतां एकदम अलीकडच्या काळांत येऊं. १९६२ च्या मार्च महिन्यांत भारताचा क्रिकेट संघ वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर असतां बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यांत चार्ली ग्रिफिथ याचा चेंडू भारताचा कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर याच्या डोक्याला लागला. त्या काळीं फलंदाजाच्या डोक्यावर फार तर कापडी टोपी असे. कवटी फुटली, शस्त्रक्रिया करावी लागली, आणि कित्येक दिवस त्याचा जीव टांगणीला लागला होता. रक्त देण्यास पुढें आलेल्यांत प्रतिपक्षाचा कर्णधार फ्रँक वॉरेल होता. आपल्याकडील पुण्याचे चंदू बोर्डे, नाशिकचे बापू नाडकर्णी आणि पॉली उम्रीगर हेही होते. कॉन्ट्रॅक्टर वांचला, पुढें प्रथम श्रेणीचे सामनेही खेळला. पण कसोटी सामना त्याच्या नशिबीं पुन्हां आला नाहीं. डोक्यांत बसविलेली धातूची पट्टी तब्बल साठ वर्षांनीं, २०२२ सालीं, मुंबईंत काढण्यांत आली.

ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे, कारण तेथें रक्त दिसलें. जेथें रक्त दिसत नाहीं तेथें काय होतें, याचा एक अनुभव आमच्या पदरीं आहे. कांहीं वर्षांपूर्वीं बीड जिल्ह्यांतील आमच्या महाविद्यालयाच्या मैदानावर चेंडू एका विद्यार्थ्याच्या कानामागें लागला. तो खालीं बसला. कोणीं पाणी दिलें, कोणीं कांदा हुंगविला. आणि तो पुन्हां बॅट घेऊन उभा राहिला तेव्हां टाळ्या वाजविणाऱ्यांत आम्हीही होतों. पुढें महिनाभर त्याला दहा ओळी सलग वाचवेनात, उजेड सोसवेना, आणि मूळचा शांत मुलगा लहानसहान गोष्टींवरून चिडूं लागला. घरच्यांनीं दृष्ट काढली. आम्हीं वर्गांत त्याला आळशी म्हटलें, आणि तो नापास झाला तेव्हां 'क्रिकेट फार झालें' असा शेराही मारला. त्या शेऱ्याची आम्हांला आजही लाज वाटते. पुढें एका डॉक्टर मित्रानें सांगितलें तेव्हां कळलें कीं, हा मेंदूला बसलेला हादरा. इंग्रजींत याला कंकशन म्हणतात. यांत हाड मोडत नाहीं, रक्त सांचत नाहीं, आणि सीटी स्कॅनचें चित्रही बहुधा निर्दोष येतें! अशा मुलाला त्याच दिवशीं पुन्हां चेंडूसमोर उभें करणें हा अपराधच होय, कारण पहिला हादरा निवण्यापूर्वीं बसलेला दुसरा फार महाग पडतो. आंतरराष्ट्रीय क्रिकेटनें ही गोष्ट २०१९ सालीं नियमांत आणिली. लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथच्या जागीं लाबुशेन उतरला तो या नियमाचा पहिला प्रयोग.

मग ओळखावें कसें? या प्रश्नाचें उत्तर १९७४ सालीं ग्लासगो येथील टीझडेल व जेनेट या दोन डॉक्टरांनीं दिलें, आणि त्याला कोणतेंही यंत्र लागत नाहीं. रोगी डोळे केव्हां उघडतो, काय बोलतो आणि सांगितल्याप्रमाणें हातपाय हलवितो कीं नाहीं, या तीन गोष्टींना अनुक्रमें चार, पांच आणि सहापर्यंत गुण द्यावयाचे. बेरीज पंधरा म्हणजे पूर्ण शुद्धि, तीन म्हणजे गाढ बेशुद्धि. यांतील खरी युक्ति गुणांत नसून ते पुन्हां पुन्हां घेण्यांत आहे. आठ वाजतां पंधरा आणि दहा वाजतां तेरा, तर कवटीच्या आंत कांहीं तरी वाढत आहे आणि एक क्षणही दवडतां कामा नये. योगायोग असा कीं, त्याच १९७४ सालीं अंबेजोगाईस स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघालें. निजामी अमदानींतील या मोमिनाबादेंत स्वामीजी स्वतः योगेश्वरी विद्यालयांत शिक्षक होते. त्यांचें नांव रुग्णालयास लाभावें हें उचितच झालें.

परंतु रुग्णालय जिल्ह्यांत असणें निराळें आणि रोगी वेळेवर तेथें पोंचणें निराळें. आमच्या जिल्ह्यांतून दर वर्षीं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीस लाखो माणसें पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. रात्रीचा प्रवास, ट्रॅक्टरची ट्रॉली, मागें दिवा नाहीं, आणि मोटारसायकलवर तिघे. मार लागतो तो दवाखान्यापासून दूर, आणि सोबतीला असतात मुकादम व भाऊबंद. मोठ्या माणसांनाही हा प्रसंग चुकलेला नाहीं. परळीचे गोपीनाथराव मुंडे ३ जून २०१४ रोजीं दिल्लींत मोटार-अपघातांत गेले, तेव्हां बाहेरून मोठी जखम दिसत नव्हती. शवचिकित्सेंत मानेचे मणके सरकलेले व यकृत फाटलेलें आढळलें. तो आघात मेंदूचा नव्हता, पण मुका मार म्हणतात तो हाच.

हेल्मेटाचा इतिहास एका थोर माणसाच्या मरणांतून निघाला आहे. 'अरबस्तानचा लॉरेन्स' १९३५ च्या मे महिन्यांत मोटारसायकलवरून पडला आणि सहा दिवस शुद्धीवर न येतां वारला. सुश्रुताच्या सात रात्री येथें आठवतात. त्याच्या उपचारांस गेलेले शस्त्रवैद्य ह्यू केर्न्स यांच्या मनाला तें मरण लागून राहिलें. त्यांनीं लष्करी मोटारसायकलस्वारांच्या मृत्यूंचा अभ्यास करून १९४१ सालीं आपला निबंध प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षीं ब्रिटिश सैन्यांत शिरस्त्राण सक्तीचें झालें. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमांत ही सक्ति आहे. पण जिरेटोपाच्या चित्रापुढें हात जोडणारे आम्ही महाराष्ट्रीय हेल्मेटाविरुद्ध पुण्यांत मोर्चे काढतों!

डोक्याला मार लागलेल्या माणसाची शुद्ध क्षणभरही हरपली असेल, तो तोच प्रश्न पुन्हां पुन्हां विचारीत असेल, वांत्या होत असतील, डोकेदुखी वाढत असेल, एक बाहुली दुसरीहून मोठी दिसत असेल, कानांतून किंवा नाकांतून पाण्यासारखें कांहीं येत असेल, तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. मान न हलवितां त्याला निजवावें आणि तोंडांत कांहीं घालूं नये. म्हातारा मनुष्य रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेत असेल तर किरकोळ धक्काही किरकोळ समजूं नये. पोलिसांच्या भीतीनें मदत टाळण्याचें कारण उरलेलें नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीनें कायद्यानें मदत करणाऱ्यास संरक्षण दिलें आहे. डॉक्टरांनीं तपासून घरीं पाठविलें म्हणजे रोग्याला झोपूं द्यावें, पण उठविल्यावर तो नेहमीप्रमाणें उठतो कीं नाहीं तें पाहावें. एक-दोन दिवस विसांवा, नंतर थोडें चालणें, मग शाळा, आणि सर्वांत शेवटीं मैदान, हा क्रम आतां सर्वत्र मानला जातो. महिनाभर अंधाऱ्या खोलींत कोंडून ठेवण्याची जुनी रीत डॉक्टरांनींच सोडून दिली आहे.

जे वांचतात पण पूर्वीसारखे राहत नाहींत, त्यांची कथा याहून अवघड आहे. गांवांत त्यांना 'डोक्यावर परिणाम झालेला' म्हणतात आणि लग्नकार्यांत मागें बसवितात. २०१६ च्या अपंगहक्कविषयक कायद्यांत अपंगत्वाचे २१ प्रकार मोजले आहेत. त्यांत आघातानें झालेल्या मेंदूच्या इजेचें स्वतंत्र नांव नाहीं. प्रमाणपत्र हवें असल्यास ती इजा दुसऱ्या एखाद्या सदरांत बसवावी लागते. ज्याचा स्वभाव पालटला, स्मरण गेलें, पण हातपाय धड आहेत, तो कोणत्या सदरांत बसणार? येथें कायदा बदलण्यासाठीं कोणी तरी झगडलें पाहिजे, आणि तें काम रोग्याच्या हातून होणें नाहीं.

आमच्या महाविद्यालयांत खेळाच्या कपाटाला आतां एक वही दोऱ्यानें बांधलेली आहे. कोणाच्या डोक्याला मार लागला तर किती वाजतां, कोठें लागला, तो काय बोलला आणि दर अर्ध्या तासानें कसा होता, तें क्रीडाशिक्षकांनीं लिहावयाचें आणि तें पान मुलाबरोबर घरीं पाठवावयाचें. गेल्या वर्षीं तींत तीन नोंदी झाल्या. त्यांतील एका कबड्डीपटूच्या आईनें तें पान पाहून रात्रीं साडेअकरा वाजतां त्याला जीपमध्यें घातलें आणि अंबेजोगाई गांठली.