प्रिंट काढली की कॉलम वाकडे का होतात?

स्क्रीनवर सरळ दिसणारी क्लासची फी-यादी किंवा सोसायटीचं बिल कागदावर आलं, की रकमा पुढेमागे सरकलेल्या दिसतात. यात प्रिंटरचा दोष क्वचितच असतो. बहुतेक वेळा रकमा जागेवर आणायला कोणीतरी स्पेस वापरलेली असते. डेटाबेसमधून रिपोर्ट काढणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे हा प्रकार मला सारखा दिसतो. तो होतो कसा, ते बघूया.

दोन प्रकारचे फॉन्ट

कुरिअरसारख्या मोनोस्पेस फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराला सारखीच जागा मिळते. १२ पॉइंटच्या कुरिअरमध्ये एका इंचात १० अक्षरं बसतात. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवरही ८० अक्षरांची ओळ अशीच ८ इंचांत मावते. तिथे स्पेस मोजून कॉलम लावले तरी चालतं.

एरिअल मात्र प्रपोर्शनल फॉन्ट आहे, म्हणजे जसं अक्षर तशी जागा. फॉन्टच्या आकाराचे १००० भाग केले, तर स्मॉल 'आय'ला साधारण २२२ भाग मिळतात, स्मॉल 'एम'ला ८३३. इंग्रजी आकडा ५५६ भागांचा आणि स्पेस फक्त २७८ भागांची, म्हणजे आकड्याच्या निम्मी. खरी गोम इथेच आहे.

९० चे ९०० कसे दिसतात?

समजा रिपोर्ट एरिअलमध्ये आहे आणि १२५०.०० च्या खाली ९०.०० छापायचे आहेत. पहिल्या रकमेत टिंबासकट ७ चिन्हं, दुसरीत ५. प्रोग्रॅम 'एलपॅड' फंक्शनने डावीकडे २ स्पेस भरतो. मोजणीत दोन्हीकडे ७ झाले!

पण जागा हवी होती दोन आकड्यांची, आणि २ स्पेस मिळून एकाच आकड्याएवढ्या भरतात. त्यामुळे ९०.०० एक घर डावीकडे सरकतात आणि ९ बरोबर शतकाच्या घरात, वरच्या २ खाली येऊन बसतो. कॉम्प्युटरची बेरीज चुकत नाही, पण कागदावर बोट ठेवून बेरीज करणारा माणूस फसू शकतो.

मराठी नावांचं काय?

इथे तर मोजणीच वेगळी. 'कृष्णा' आपल्यासाठी दोन अक्षरं, पण युनिकोडमध्ये ती ६ चिन्हं: क, ऋकार, ष, हलन्त, ण आणि काना. युटीएफ-८ मध्ये त्याचे १८ बाइट होतात. 'कमल'ची मात्र ३ अक्षरं आणि ३ चिन्हं. म्हणून मराठी नावापुढे किती स्पेस द्यायच्या, हे चिन्हं मोजून कळतच नाही. वर कॉलम ४ चिन्हांचा ठेवून नाव कापलं, तर कागदावर 'कृष्' एवढंच उरतं. सर्टिफिकेटवर असं नाव आलं तर?

मग करायचं काय?

१. वर्ड किंवा लिबरऑफिसमध्ये टेबल घ्या. नावांचा कॉलम डावीकडे आणि रकमेचा उजवीकडे अलाइन करा. सगळ्या रकमांना दोन दशांश ठेवा, म्हणजे टिंबंही एकाखाली एक येतील.

२. टेबल नको असेल तर डेसिमल टॅब लावा. रकमेतलं टिंब त्या जागी येऊन थांबतं.

३. कोड लिहीत असाल तर अक्षरं मोजू नका, रुंदी मोजा. अँड्रॉइड आणि एचटीएमएल कॅनव्हास, दोन्हीकडे त्यासाठी 'मेझर टेक्स्ट' आहे. कॉलमची उजवी कड ४०० पॉइंटवर असेल आणि रकमेची रुंदी ३६ भरली, तर छपाई ३६४ पासून सुरू करा.

४. काही फॉन्टमध्ये १ हा आकडा बाकीच्यांपेक्षा बारीक असतो. तिथे 'टॅब्युलर' आकडे निवडा, म्हणजे सगळे सारख्या रुंदीचे होतात.

५. व्हॉट्सॲपवर इंग्रजीत यादी पाठवताना मजकुराच्या आधी आणि नंतर तीन-तीन बॅकटिक द्या, अक्षरं मोनोस्पेस होतात. मराठी नावांसाठी या उपायावर विसंबू नका, सरळ पीडीएफ पाठवा.

आणि प्रिंट देण्याआधी एक चाचणी कराच: यादीतलं सगळ्यात लांब जोडाक्षरी नाव, सगळ्यात मोठी रक्कम आणि सगळ्यात छोटी रक्कम एकाखाली एक छापून बघा. घोळ असेल तर या तीन ओळींतच दिसेल.