तक्तपोशीची जीभ

चिखलदऱ्याच्या एका जुन्या बंगल्यात दुपारी पाठ टेकली आणि नजर वर गेली. सागवानी फळ्या एकीला एक खेटून बसलेल्या, आणि अख्ख्या छताला एक खिळा दिसेल तर शपथ. बोलूनचालून लाकूडच ते, खिळ्यावाचून वर राहणार कसं? तासभर झोप आली नाही.

आमच्या आजीकडे अशा छताला शब्द होता : तक्तपोशी. फारसीत तख्ता म्हणजे फळी आणि पोशी म्हणजे झाकणं, पांघरणं. पोशाख, पलंगपोस ही त्याच घरची भावंडं. म्हणजे तक्तपोशी हा घराच्या डोक्याला घातलेला फळ्यांचा पोशाख. अचलपूरला १४९० ते १५७४ इमादशाही नांदली, पुढे निजामाचा अंमल आला. कचेरीतली फारसी वऱ्हाडात घराघरांत उतरली ती अशी.

पोशाखाची गरज का पडली, हे धाब्याखाली जेवलेल्याला सांगावं लागत नाही. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या नाहीतर किलचा, त्यावर पालापाचोळा आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. अकोल्याच्या उन्हाळ्यात असं घर गार राहतं. पण वर मांजर धावलं की खाली वरणात माती. ज्याच्या गाठीला पैसा होता तो फळ्यांच्या सांध्यांवर खालून लाकडी पट्ट्या मारून घेई. माती थांबे, पट्ट्यांच्या रांगा मात्र छातीच्या फासळ्यांसारख्या दिसत.

साहेबाने वेगळी सोय केली. कौलाखाली कापड ताणायचं आणि त्यावर चुना फिरवायचा. खालून पाहिलं तर पक्कं छत, वर उंदरांचं आणि सापांचं राज्य. किपलिंगच्या ‘द रिटर्न ऑफ इमरे’ या गोष्टीत बेपत्ता झालेल्या साहेबाचं प्रेत अशाच छतकापडाच्या वर सापडतं. गोष्ट भुताटकीची वाटते, पण तिच्यातलं छत अगदी खरं. त्या कापडापेक्षा फळ्या केव्हाही बऱ्या.

फळ्यांची अडचण निराळी. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र हवेतला ओलावा पिऊन फुगतं आणि उन्हाळ्यात आक्रसतं. सहा इंची सागवानी फळी मे ते ऑगस्ट एवढ्यात दीड-दोन मिलिमीटर सहज हलते. दहा फुटी खोलीत अशा वीस फळ्या. हिशेब केला तर तीन-चार सेंटिमीटर. सांधे घट्ट ठोकले तर पावसाळ्यात छत पोट काढतं, सैल ठेवले तर उन्हाळ्यात फटींतून धूळ गळते.

यावरचा तोडगा जुना आहे. फळीच्या एका कडेला खाच, दुसऱ्या कडेला जीभ. शेजारणीची जीभ खाचेत शिरली की फळी आत-बाहेर सरकू शकते, पण फट आरपार होत नाही. यासाठी सुताराकडे दोन रंध्यांची जोडी असे, एक खाच पाडणारा आणि दुसरा दोन्ही बाजू तासून मधे जीभ ठेवणारा. काम सुरेख, पण दिवस खाणारं. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या विल्यम वुडवर्थने २७ डिसेंबर १८२८ रोजी पेटंट घेतलं ते याच कामाच्या यंत्राचं. फळी एकीकडून घातली की रंधून, जीभ-खाच पाडून बाहेर. त्या पेटंटची मुदत वाढत वाढत १८५६ पर्यंत गेली, कोर्टकज्जे झाले. रंध्यासाठी इतकी भांडणं होतात हे वाचून मला आमची शेताच्या धुऱ्यावरची भांडणं क्षम्य वाटू लागली.

खिळ्याचं कोडं परतवाड्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने सोडवलं. परतवाडा म्हणजे मेळघाटच्या सागवानाची बाजारपेठ. माझ्या खोलीसाठी आणलेल्या फळ्या त्याने आठवडाभर त्याच खोलीत आडव्या रचून ठेवल्या, मधे काड्या घालून, हवा खेळावी म्हणून. मला घाई होती. तो म्हणाला, “भाऊ, लाकूड मेल्यावरबी पानी पेते. त्याले फुगाले जागा देजा, नाहीतं मंग थे आपल्यालेच जागा दाखवते.”

पहिली फळी त्याने भिंतीवर विसंबून लावली नाही, सुतळी ताणून लावली. भिंत वाकडी निघाली तर शेवटच्या फळीपर्यंत ते वाकडेपण जातं. भिंतीपाशी बोटभर फट सोडली, ती नंतर गोलपट्टीने झाकली. मग खरी गंमत. खिळा फळीच्या तोंडावर नाही, जिभेच्या मुळाशी तिरपा मारला आणि डोकं आत दाबलं. पुढच्या फळीची खाच त्यावर बसली की खिळा गडप. फळी एकाच कडेला बांधलेली, दुसरी कड मोकळी. खाच बसेना तेव्हा हातोडी फळीवर न मारता मधे लाकडाचा तुकडा धरून मारली, नाहीतर जीभ चेंबते. वर मान करून दोन दिवस काम. भुसा त्याच्या पांढऱ्या मिशांत.

आता अकोल्यात नवं घर बांधणारा सागवान विचारत नाही. भाव ऐकून माणूस परत फिरतो. त्याऐवजी पीव्हीसीच्या पट्ट्या येतात, सागवानी रेषा छापलेल्या. मागच्या महिन्यात शेजारी हे काम चाललं होतं म्हणून डोकावलो. पोरगं विशीतलं. तक्तपोशी म्हटल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं, काका काय बोलतायत अशा नजरेने. मग कानाला फोन तसाच ठेवून त्याने पट्टीच्या कडेच्या ओठात स्क्रू मारला, पुढच्या पट्टीची जीभ त्या खाचेत सरकवली आणि तळहाताने थाप दिली. स्क्रू दिसेनासा झाला.