घाटातली वीज घ्यायची कुणी?

तर मंडळी, झालं असं. मागच्या डिसेंबरात इलेक्ट्रिक बाइकवर पुण्याहून निरगुडसरला निघालो. ("एसटी बंद पडल्यात का?" इति मातोश्री.) पेठला जेवण उरकेपर्यंत हॉटेलवाल्याच्या कृपेनं बॅटरी फुल्ल! आता मंचरपर्यंत अवसरी घाटाचा उतार, म्हणजे आरामच.

थ्रॉटल सोडला की मोटर गाडीला मागे ओढते, याची मला एव्हाना सवय झालेली. त्या दिवशी ओढच नाही. गाडी मोकाट आणि वळणावर समोर उसाची ट्रॉली. दोन्ही ब्रेक करकचून दाबले, म्हणून आज हे लिहितोय.

बिघाड काहीच नव्हता. उतारावर चाक मोटरला फिरवतं, मोटर जनरेटर होते आणि तयार झालेली वीज बॅटरीत जाते. ती वीज घेतली जाते म्हणून तर ब्रेक लागतो. बॅटरी भरलेली असेल तर ती वीज घेणार कोण? कंट्रोलरनं मुकाट्यानं हात वर केले, आणि मला सांगितलंही नाही.

रविवारी यावर वाचत बसलो, तर हा प्रश्न आपल्याच बोरघाटात जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी येऊन गेलेला!

१८६३ साली सुरू झालेल्या बोरघाटाच्या रेल्वेचा चढ ३७ला १, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की १ फूट वर. चढणं अवघड, पण उतरणं जास्त धोक्याचं. ब्रेक घासून तापतात आणि तापले की पकड सोडतात. गाडी सुटलीच तर तिला अडवायला घाटात कॅच सायडिंग, म्हणजे चढावर नेऊन थांबवणारे फाटे आहेत.

१९२९ मध्ये जीआयपी रेल्वेनं पुण्यापर्यंत १५०० व्होल्ट डीसी वीज आणली. मालगाड्यांना १९२८ पासून आलेली 'ईएफ/१' इंजिनं होती, पुढे त्यांना डब्ल्यूसीजी-१ म्हणू लागले. लांब नाकाडाची, मगरीसारखी. रेल्वेची माणसं 'खेकडा' म्हणत. भारतात रिजनरेटिव्ह ब्रेक असलेल्या अगदी पहिल्या इंजिनांपैकी ही. एक दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात जपून ठेवलंय.

गंमत पुढे आहे. या इंजिनांत बॅटरी नाही. उतरणारी गाडी वीज परत तारेत सोडणार. पण तारेवर ती घ्यायला कुणीतरी हवं: जवळपास घाट चढणारी दुसरी गाडी, नाहीतर उलटी वीज घेऊ शकणारं सबस्टेशन. घेणारा नसेल तर तारेतला व्होल्टेज चढतो आणि मोटरचा ब्रेक सोडावा लागतो. म्हणून साधे ब्रेक कायम तयार लागतात. आजही घाट उतरणाऱ्या गाड्या मध्ये थांबवून ब्रेक तपासतात. पुढे अनेक इंजिनांत दुसरा उपाय आला: वीज रेझिस्टरमध्ये जाळून टाकायची. वीज वाया जाते, पण ब्रेक हमखास लागतो.

थोडक्यात, घेणारा नसेल तर मोटरचा ब्रेकही नाही.

आता बाइकचा हिशोब. गाडी आणि मी मिळून १८० किलो. १०० मीटर उंची उतरलो तर ऊर्जा साधारण ४९ वॉट-अवर. माझी बॅटरी २००० वॉट-अवरची, म्हणजे सगळी परत मिळाली तरी अडीच टक्केसुद्धा नाही! रेंज वाढते म्हणून कुणी फार हुरळू नये. खरा फायदा ब्रेक कमी तापण्याचा, आणि तोच ऐनवेळी गेला तर काय उपयोग?

म्हणून कंट्रोलर घेताना माझी यादी अशी:

१. बॅटरी भरत आली की मोटरचा ब्रेक हळूहळू कमी व्हावा, एकदम गायब नको.
२. तो नसेल तेव्हा डिस्प्लेवर ठळक दिसावं.
३. ब्रेकचा जोर लिव्हर दाबू तसा वाढावा. चालू-बंद असा झटका नको, मागचं चाक घसरतं.
४. बॅटरीत जाणाऱ्या करंटला आणि व्होल्टेजला मर्यादा घालता यावी.
५. लिव्हर दाबताच थ्रॉटल बंद. हे तर हवंच हवं.

(आणि हो, गिअरवाल्या हब मोटरमध्ये फ्रीव्हील क्लच असेल तर चाक मोटरला फिरवतच नाही. तिथे कितीही भारी कंट्रोलर लावा, उपयोग शून्य.)

असो. आता पेठला चार्जर ८५ टक्क्यांवरच काढतो. हॉटेलवाला विचारतो, "अहो साहेब, फुल्ल करून घ्या की!" मी म्हणतो, "नको, घाटासाठी थोडी जागा ठेवतोय." तो माझ्याकडे बघतो, ते सोडा. :-)